रडत म्हण, पिल्लू

भाऊ दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात मुलीचं मनगट. हात नव्हे, मनगट. ताईला ते तेव्हाच खटकलं होतं. पण आई मागून "राजा आला, माझा राजा आला" करत धावली आणि त्या गडबडीत ते राहून गेलं.

राजा हे त्याचं लाडाचं नाव. चाळिशी उलटली, पोट सुटलं, परदेशात संसार थाटून कितीतरी वर्षं झाली, तरी आईच्या तोंडी तो राजाच. ताई त्याच्याहून मोठी. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, घरी आईला सांभाळायची, आणि दुकानात, घरात, इमारतीत सगळ्यांचीच ताई होती. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलंच, तर "बरं झालं आठवण केलीत, आज विसरलेच होते बघा" असं म्हणून ती समोरच्याचं तोंड बंद करायची.

"हिच्या आईने टाकलं हिला," राजाने सांगितलं. "डोकं फिरलंय तिचं. म्हणाली, घेऊन जा कार्टीला, मला डोळ्यांसमोर नको. काय करणार? बाप आहे ना मी."

हे सगळं तो मुलीच्या देखत बोलला. सोफ्यावर पाय पसरून, उकडलेलं अंडं खाता खाता. मुलगी बॅगेवर बसली होती. आठ वर्षांची, केस कसेतरी कापलेले, एका कानावर आखूड आणि दुसऱ्यावर लांब. "उवा झाल्या होत्या पिल्लूला," राजा म्हणाला आणि बोटाला लागलेला पिवळा बलक चाटला. ताईने नजर दुसरीकडे वळवली. भावाचं खाणं आपल्याला बघवत नाही, हे तिचं तिलाच पटेना. लहानपणी त्याच्या उष्ट्या ताटात जेवलेली बाई ती.

पुढचे काही दिवस घरात नुसता आनंदीआनंद होता. आई तर नातीला मांडीवरून उतरू द्यायला तयार नव्हती. खोटं कशाला बोला, ताईलाही बरं वाटत होतं. संध्याकाळी दार उघडलं की आत एक लहान आवाज असायचा. त्यामुळे जे दिसत होतं ते तिने बरेच दिवस पाहिलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं.

दिसत होतं ते असं. मुलगी भिंतीला हात लावून चालायची. पुस्तक नाकाला लावून बघायची. टीव्हीला इतकी चिकटून बसायची की पडद्यावर तिच्या श्वासाची वाफ धरायची. आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना तिला दोन लहान खळगे होते. ताईचं सगळं आयुष्य असे खळगे बघण्यात गेलं होतं.

"हिला चष्मा आहे का रे?" तिने विचारलं.

"होता. तिकडचे डॉक्टर म्हणाले, सवय मोडा, नंबर आपोआप उतरेल."

"कोण डॉक्टर हा? मला भेटायचंय त्याला."

"ताई, तू ना, दुकान घरी आणू नकोस बाई," राजा हसत म्हणाला आणि तिचा गाल ओढला.

एके दिवशी आईला गुडघे दाखवायला दवाखान्यात न्यायचं होतं. राजा तिला घेऊन गेला आणि मुलगी ताईबरोबर दुकानात आली. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ताईने तिला उंच खुर्चीवर बसवलं आणि समोरच्या तक्त्यावरचा दिवा लावला.

"कुठपर्यंत वाचता येतंय?"

मुलीने सगळ्यात वरचं मोठं अक्षर वाचलं. मग खुर्चीवरून उतरायला लागली.

"आणि त्याच्या खाली?"

"खाली पण आहे?" मुलीने विचारलं.

ताईने भिंगं बदलून बदलून नंबर काढला. चांगला दणदणीत नंबर होता. असा नंबर असलेलं पोर चष्म्याशिवाय फिरवायचं म्हणजे त्याला धुक्यात सोडून देण्यासारखंच.

"तुझा चष्मा कुठे गेला ग?"

मुलगी पाय हलवत राहिली. मग म्हणाली, "विमानतळावर बाबांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला. म्हणाले, हा खेळ आहे, आपण वेगळं दिसायचं. केस पण तिथेच कापले, बाथरूममध्ये. पण आत्या, तो खेळ संपतच नाहीये."

"आई रागावली होती का तुझ्यावर?"

"आई कामावर गेली होती. बाबा शाळेत आले न्यायला. नंतर म्हणाले, आईला आता तू नकोयस. मी काय केलं ते मी खूप आठवून बघितलं, पण मला आठवतच नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि माझं नाव पिल्लू नाही. आई मला मुंगी म्हणते."

ताईने भिंगांची पेटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. तिला हातांना काहीतरी काम हवं होतं. संध्याकाळपर्यंत तिने एका निळ्या फ्रेममध्ये भिंगं बसवून मुंगीच्या नाकावर चष्मा ठेवला. मुंगीने खिडकीतून रस्ता पाहिला, समोरच्या पाट्या पाहिल्या, मग वळून ताईकडे टक लावून बघत राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "तुझ्या हनुवटीवर तीळ आहे!"

इतके दिवस एका घरात राहून त्या पोरीने आत्याचं तोंड आज पहिल्यांदा नीट पाहिलं होतं.

घरी आल्यावर राजाने मुंगीकडे एक नजर टाकली. ओरडला नाही, रागावलाही नाही. हसत हसत पुढे झाला, तिच्या नाकावरचा चष्मा अलगद उचलला, काड्या मिटल्या आणि शर्टाच्या खिशात घातला. "जा पिल्लू, टीव्ही बघ," म्हणाला. मुंगी भिंतीला हात लावत आत गेली.

"अरे, तिला दिसत नाही," ताई म्हणाली.

"दिसतं की थोडंफार. इकडे ये, गंमत दाखवतो." त्याने फोन तिच्यापुढे धरला. पडद्यावर मुंगीचा फोटो होता, लाल चष्मा आणि दोन वेण्या. खाली हरवल्याची सूचना. "बयेने हा फोटो सगळीकडे लावलाय. लोक काय शोधणार? चष्मा आणि वेण्या. आणि आपल्या पोरीला दोन्ही नाहीत. आता ओळखा म्हणावं! डोकं लागतं, ताई, याला डोकं लागतं."

तो शाबासकीची वाट बघत होता. शाळेत असताना कोणाची तरी पेन्सिल ढापून आणायचा तेव्हाही असाच उभा राहायचा, मान थोडी तिरकी करून.

"म्हणजे तिने हिला टाकलं नाही. तू पळवून आणलीस."

"पळवून काय, पळवून? माझी मुलगी आहे. माझा वकील म्हणतो, पोर इथे एकदा रुळली की कोणी काही करू शकत नाही. थोडे दिवस दम धरायचा, बास."

ताईने आईकडे पाहिलं. आई शेंगा सोलत होती. तिला हे सगळं माहीत होतं, आणि पहिल्यापासून माहीत होतं, हे तिच्या सोलण्यावरूनच कळत होतं.

"आपलंच लेकरू आपण घरी आणलं, त्यात चोरी कसली?" आई म्हणाली. "आपलीच छत्री कुणाच्या घरी राहिली होती, ती आपण उचलून आणली. झालं!"

"छत्री?" ताई म्हणाली.

"अगं, उदाहरण दिलं. लगेच शब्दात पकडतेस."

त्या दिवसापासून ताईला घर नकोसं झालं. राजाचं मचमच खाणं, आंघोळीनंतर घरभर पसरणारा त्याचा गोडसर अत्तराचा वास, मुलीला "पिल्लू, पिल्लू" म्हणताना लाडात येणारा आवाज, सगळ्याची तिला शिसारी बसली. तो सोफ्यावरून उठला की तिथे बसायला तिला नको वाटायचं. नातेवाईक भेटायला यायचे, मुलीचा गालगुच्चा घ्यायचे, "बाप असावा तर असा" म्हणायचे. एकालाही प्रश्न पडला नाही, की हिची आई कुठे आहे. एक मावशी तेवढी म्हणाली, "आईची आठवण काढते का ग ही?" आणि आईने "छे, नावसुद्धा घेत नाही" म्हटल्यावर तिने समाधानाने चहाचा घोट घेतला.

दुकानातल्या संगणकावर ताईने मुंगीचं खरं नाव टाकलं. तो फोटो सापडला, आणि त्याखाली दोन फोन नंबर. एक मुलीच्या आईचा. दुसरा याच शहरातल्या एका वकीलबाईंचा. एका देशातून दुसऱ्या देशात नेलेली मुलं परत मिळवून देण्याचं काम त्या करत, असं तिथे लिहिलं होतं. ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडून फी घेत नसत.

त्यांचं ऑफिस एका व्यायामशाळेच्या वर होतं. खाली कोणी वजन टाकलं की टेबलावरचा पेला हलायचा. वकीलबाई रुंद खांद्यांच्या, सर्दीने बेजार झालेल्या, रुमाल नाकाशी धरूनच बोलणाऱ्या.

"तुम्ही कोण त्या मुलीच्या?"

"चोराची बहीण," ताई म्हणाली.

वकीलबाईंनी रुमाल खाली घेतला. मग दार लावून आल्या.

"मुलगी ठीक आहे?"

"दिसत नाही तिला. म्हणजे दिसेल, चष्मा दिला तर." आणि ताईने सगळं सांगितलं. वकीलबाई लिहून घेत होत्या. विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्याचं ऐकून त्यांनी फक्त डोळे मिटले.

"तिची आई इतके दिवस भलत्याच शहरात शोधतेय," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाने तिला एका समुद्रकिनाऱ्याचा फोटो पाठवला होता, मुलगी मजेत आहे म्हणून. ती बिचारी त्या किनाऱ्यावर प्रत्येक हॉटेलात जाऊन आली."

"आपल्या शहरात समुद्र कुठे आहे?"

"म्हणून तर पाठवला." वकीलबाई शिंकल्या. "आता नीट ऐका. आपल्या देशात आणि त्या देशात करार आहे. पोर जिथे राहत होतं तिथे ते आधी परत पाठवायचं. आई चांगली का बाप चांगला, ताबा कोणाकडे, हे तिथलं कोर्ट ठरवेल. इथल्या कोर्टाने बघायचं ते एवढंच, की दुसऱ्याला न विचारता उचलून आणलं का, आणि परत पाठवण्यात पोराला मोठा धोका आहे का. पण वेळ गेला की समोरचा म्हणतो, पोर आता इथे रुळलं. म्हणून ही माणसं लपवालपवी करतात."

"रुळलं. तोही हाच शब्द म्हणतो."

"सगळ्यांचा लाडका शब्द आहे तो. मला तुमच्याकडून पत्ता हवाय, आणि तुम्ही जे पाहिलं त्याचं प्रतिज्ञापत्र. तुमच्या नावाने, तुमच्या सहीने. लपून चालणार नाही. कोर्टात भावासमोर उभं राहावं लागेल."

ताईने मान हलवली.

"आणि तोवर घरी चेहरा रोजच्यासारखा ठेवा. त्याला नुसता वास लागला तरी तो मुलीला घेऊन तिसऱ्याच देशात जाईल."

"तुम्हाला या कामाचा कंटाळा येत नाही?"

"कंटाळा नाही, किळस येते," वकीलबाई म्हणाल्या. "आणि फक्त बापांचीच नाही हं. आयासुद्धा पळवतात. मागे एका आईने पोराला सांगितलं, तुझे बाबा वारले. त्याच्याकडून फोटोला हात जोडून घेतले. बाप तिकडे जिवंत, रोज पोलिसात खेटे घालतोय. आणि यातलं प्रत्येक माणूस माझ्यासमोर बसून छातीवर हात ठेवून म्हणतं, मी जे केलं ते लेकरासाठी."

खाली कोणीतरी धाडकन वजन टाकलं. ताईने सही केली.

चेहरा रोजच्यासारखा ठेवणं किती अवघड असतं ते तिला त्याच आठवड्यात कळलं. दुकानातली वीज गेली म्हणून ती दुपारीच घरी आली. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. तिने डोकावून पाहिलं.

आई पलंगावर मांडी घालून बसली होती. खांद्यावर राजाचा काळा कोट, हातात लाटणं. राजा तिच्यासमोर कमरेत वाकून उभा होता.

"न्यायाधीश महाराज, साक्षीदार हजर आहे," तो म्हणाला.

आईने लाटणं पलंगाच्या कडेवर आपटलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "बोल, मुली."

मधोमध मुंगी उभी होती, हात सरळ खाली सोडून, शाळेत कविता म्हणायला उभं करतात तशी.

"मला आईची भीती वाटते. आई मला मारायची. मला इथेच राहायचंय."

"असं कोरडं नाही ग," राजा म्हणाला. "रडत म्हण, पिल्लू. पुन्हा."

"मला रडू येत नाही."

"येईल की. तुझं मांजर गाडीखाली आलं होतं ना? ते आठव. रस्त्यावर कसं पडलं होतं? पोट कसं..."

मुंगीचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. आधी ओठ, मग हनुवटी. मग ती रडायला लागली, आणि रडत रडत तिने तीन वाक्यं म्हटली, एकही शब्द न चुकता.

"बघ, आलं की नाही!" राजाने टाळी वाजवली. आईने लाटणं बाजूला ठेवून नातीला जवळ ओढलं. "किती गोड रडतंय माझं बाळ," ती म्हणाली.

ताई पाय न वाजवता मागे सरली. बाथरूममध्ये जाऊन तिने नळ पूर्ण सोडला आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकून टाकलं. मग चूळ भरली, केस सारखे केले, बाहेरचं दार उघडून मुद्दाम जोरात आपटलं आणि "आले ग मी" अशी हाक दिली. स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला. राजाने दोन कप प्यायले आणि म्हणाला, चहा करावा तर ताईनेच.

कोर्टाचा हुकूम घेऊन माणसं आली ती सकाळी. एक कोर्टाचा कर्मचारी, एक पोलीस आणि एक महिला पोलीस. मुलीचा आणि बापाचा पासपोर्ट जमा करायचा, सुनावणी होईपर्यंत मुलीला शहराबाहेर न्यायचं नाही, आणि तिचा चष्मा तिला द्यायचा, हे वेगळं लिहिलेलं होतं. राजाने महिला पोलिसासमोर खिशातून चष्मा काढून मुंगीला घातला, तिच्या कपाळाचा मुकाही घेतला. माणसं गेली, जिन्यावरचे पाय वाजायचे थांबले आणि तो पुन्हा त्याच्या खिशात गेला. मग त्याने ताईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"कोणी चुगली केली असेल ग? तो खालचा दुकानदार असणार. सारखा पोरीकडे बघायचा."

त्याचे ओले गाल तिच्या मानेला लागत होते. अंगावर पाल पडावी तसं तिला झालं, पण ती तशीच उभी राहिली. राजा तडक खाली गेला आणि त्या दुकानदाराला चार लोकांत वाट्टेल ते बोलून आला. तो बिचारा शेवटपर्यंत विचारत राहिला, मी केलं तरी काय? ताईला त्याला काही सांगता आलं नाही. हुकमात चष्म्याबद्दल लिहून आलं, तरी घरातल्या कोणाच्या मनात तिचं नाव आलं नाही. ताई असं काही करेल, ही कल्पनाच त्या घरात कोणाला शिवली नव्हती.

कोर्टाची खोली लहान होती, पंखा आवाज करत होता. ताईचं प्रतिज्ञापत्र तोवर बंद पाकिटातच राहिलं होतं. ताईला पुकारलं तेव्हा राजाने तिला हसून खुणेने धीर दिला. त्याला वाटलं, ती त्याच्या बाजूने बोलायला आलीये. ती वकीलबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली तरी त्याचं हसू काही क्षण तसंच होतं. मग ते एका बाजूने उतरत गेलं.

ती बोलली. केस, चष्मा, फोटो, लाटणं, मांजर. मान वर करून, कुणाकडेही न बघता.

राजाचा वकील उठला. गुबगुबीत, मृदू आवाजाचा माणूस. "आपण अविवाहित आहात?"

"हो."

"मूलबाळ नाही. म्हणजे बापाच्या काळजाचं आपल्याला कसं कळणार?"

"काळजाचं मला कळत नाही," ताई म्हणाली. "खिशाचं कळतं. तिचा चष्मा आत्ता त्याच्या खिशात आहे. बघा."

सगळ्यांनी राजाकडे पाहिलं. त्याचा हात आपसूक छातीवर गेला.

मग न्यायाधीशबाई मुंगीशी त्यांच्या खोलीत बोलल्या. ताई बाहेरच्या बाकावर बसली. आत काय झालं ते वकीलबाईंनी नंतर सांगितलं. न्यायाधीशबाईंनी नुसतं विचारलं होतं, शाळेत कोणता विषय आवडतो. मुंगी लगेच हात सरळ सोडून उभी राहिली. आईची भीती, आईचं मारणं, इथेच राहायचंय. व्यवस्थित रडली. मग नाक पुसून तिने विचारलं, "बरोबर म्हटलं ना? मग बाबांना सांगा चष्मा द्यायला. ते म्हणाले होते, नीट रडलीस तर कायमचा देईन."

"न्यायाधीशबाई काय म्हणाल्या?"

"काही नाही. पाणी मागवलं," वकीलबाई म्हणाल्या. "मी इतकी वर्षं हे काम करतेय. मलाही पाणी लागलं."

निकाल लागला. मुलीला परत पाठवायचं. पुढचं तिकडच्या कोर्टात.

कोर्टाच्या पायऱ्यांवर आईने ताईला गाठलं. "तुझी कूस उजवली नाही, म्हणून तू भावाचं घर फोडलंस," ती म्हणाली, मोठ्याने, येणाऱ्याजाणाऱ्यांनी थांबून ऐकावं इतक्या मोठ्याने. ताई पायऱ्या उतरत राहिली. त्या तोंडाने कधीकाळी आपल्याला अंगाई म्हटली होती, हे तिला खरं वाटेना.

निकाल लागेपर्यंत वकीलबाईंनी मुंगीच्या आईला लांबच ठेवलं होतं; ती आली ती विमानतळावरून थेट त्यांच्या ऑफिसात. किरकोळ बांध्याची, प्रवासाने पाय सुजलेली. मुंगी टेबलामागे उभी होती. चष्मा आता नाकावर होता. आई पुढे झाली तशी ती मागे सरकली.

"मी काय केलं होतं?" तिने विचारलं.

"कधी ग?"

"तू बाबांना म्हणालीस ना, की मी नको. तेव्हा मी काय केलं होतं?"

आई उभी होती तिथेच खाली बसली, फरशीवर. "काही नाही. मी असं म्हणालेच नाही, मुंगी. कधीच नाही." हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मुंगी ऐकत होती. तिचा विश्वास बसला नव्हता, ते दिसत होतं. पण थोड्या वेळाने तिने टेबलाला वळसा घातला, आईच्या शेजारी बसली आणि तिच्या सुजलेल्या पावलाला बोटाने दाबून बघितलं. बोटाचा खळगा पडला. "दुखतं?" तिने विचारलं. आईने मान हलवली आणि तिला घट्ट धरलं.

निघताना मुंगीची आई ताईजवळ थांबली.

"पहिल्या दिवशी तुम्ही तिला असे केस कापलेलं बघितलंत. तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं."

"मग?"

ताईने मुंगीच्या चष्म्याची काडी सरळ केली.

"तुमचे आभार मानायला हवेत, कळतंय मला," मुंगीची आई म्हणाली. "आत्ता जमत नाहीये."

मुंगीने जाताना वळून विचारलं, "आत्या, बाबा म्हणाले तू फितूर आहेस. फितूर म्हणजे काय?"

"घरातलं बाहेर सांगणारी."

मुंगीने विचार केला. "बरं," म्हणाली आणि आईबरोबर जिना उतरून गेली.

ताईने दुकानाजवळ एक खोली भाड्याने घेतली. आईने तिचे कपडे पिशव्यांत भरून जिन्यात ठेवले होते, तेवढेच घेऊन ती आली. राजाने तिकडच्या कोर्टात जायचं टाळलं. वकिलाने सांगितलं, गेलात तर तिथे उत्तरं द्यावी लागतील. मुलीसाठी जीव टाकणारा बाप मुलीच्या देशात पाय ठेवायला तयार नव्हता. इकडे मात्र तो जेवायला बोलावणाऱ्यांना ही गोष्ट रंगवून सांगायचा, डोळ्यांत पाणी आणून. लोक हळहळायचे आणि त्याला आणखी वाढायचे.

एका दुपारी राजाचा जुना मित्र दुकानात आला. त्याची बायको, मुलगा, सगळं कुटुंब ताईच्या ओळखीचं होतं. नवी फ्रेम हवी म्हणाला. नंबर तपासायला तो यंत्रासमोर बसला, हनुवटी टेकवली आणि तसाच, जबडा न हलवता बोलू लागला.

"राजा म्हणतो, सगळा बेत चोख होता. फक्त उतरायचं घर चुकलं." तो हसला. "तुमच्यावर माझा राग नाही हं, ताई. उलट तुम्हाला यातलं सगळं माहीत आहे म्हणून विचारतो. समजा एखाद्याचं बायकोशी पटत नाही. आणि समजा त्याचा काका परदेशात आहे. तर पोराला घेऊन तिकडे गेलं, तर पोर रुळलं असं किती दिवसांनी म्हणता येतं? नुसतं समजा."

यंत्रातून ताईला त्याचा डोळा दिसत होता, मोठा, गुलाबी, ओलसर. त्यात कुठेही काही बिघाड नव्हता. तिने यंत्राचा दिवा बंद केला.

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे," ती म्हणाली. "फ्रेमसाठी परवा या."

तो गेल्यावर तिने वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याच्या बायकोला आत्ताच्या आत्ता सांगा. पोराचा पासपोर्ट हातात घे म्हणावं, शाळेत लेखी दे की माझ्याशिवाय कोणाबरोबर सोडू नका, आणि उद्या सकाळी माझ्याकडे ये."

बायकोने फोन उचलला तेव्हा मागे नळ वाहत होता, भांडी वाजत होती. ताईने नाव सांगितलं. बायकोचा आवाज एकदम थंड झाला. तिनेही राजाची गोष्ट ऐकली होती.

"तुमच्या मुलाचा पासपोर्ट कुठे असतो?" ताईने विचारलं.

"का? कपाटात असेल."

"असेल नको. नळ बंद करा, आणि जाऊन बघा. मी थांबते."

पलीकडे एक भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग नळ बंद झाला, पावलं वाजली आणि कपाटाचं दार उघडलं.